पेटीतील घुमट

बेळ्ळंदूर हे एके काळी बंगळूरच्या आग्नेयेस, एका मोठ्या तळ्याच्या काठी वसलेले खेडे होते. आज त्याच्या शेजारून शहराचा बाह्य वळणरस्ता जातो. रस्त्याच्या अंगाला संगणकव्यवसायाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्यामागे सदनिकांचे मजल्यांवर मजले चढले आहेत. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव अशा गावांहून नोकरीनिमित्त आलेली कितीतरी मराठी मुलेमुली ह्या भागात राहतात. दिवसाचे काम आटोपल्यावर त्यांपैकी एखाद्याच्या खोलीतून गिटारचे सूर ऐकू येतात. गिटार साधीच असते. आणि तिच्याशेजारी जमिनीवर ठेवलेली दहा-पंधरा वॅटची, सहा-आठ इंची स्पीकर असलेली पेटीही साधीच. ह्या पेटीलाच अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात.

तार छेडली की ह्या पेटीतून सूर मोठा होऊन बाहेर पडतो खरा. परंतु तो ऐकून वाजवणाऱ्याचे समाधान होत नाही. ध्वनिमुद्रिकेत ऐकलेला सूर दूरवर रेंगाळत जातो; येथे तो जन्मतो आणि तत्क्षणी संपतो. नवशिक्याला वाटते, दोष आपल्या बोटांचा असावा. महिना-दोन महिने खटपट करून तो कंटाळतो आणि गिटार कपाटामागे जाऊन बसते. वस्तुतः दोष बोटांचा असला तरी तो सर्वस्वी बोटांचा नसतो. काही अंशी तो खोलीचा असतो आणि काही अंशी पेटीचा. पेटी न बदलता, तिच्या आतच एक लहानशी जोडणी करून तो बराचसा दूर करता येतो. ही जोडणी कशी होते, ती पेटीत नेमकी कोठे बसवावी आणि कोणत्या जागी हात लावू नये, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम खोलीचा विचार करू. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. सतरा मीटरांवर भिंत असेल, तर टाळीचा आवाज जाऊन परत येण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि कानाला ती टाळी दुसऱ्यांदा स्पष्ट ऐकू येते. दहा फुटी खोलीत मात्र समोरच्या भिंतीवरून परतणारा आवाज सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्याही आत येऊन पोहोचतो. कान त्याला वेगळा ओळखत नाही. मूळ आवाजातच मिसळून टाकतो. त्यात गादी, पडदे, कपड्यांची रास ह्या वस्तू उरलासुरला आवाज शोषून घेतात. लहान खोलीत सूर कोरडा वाटतो तो ह्यामुळे.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण त्याच कर्नाटकात, विजापूरला आहे. सतराव्या शतकात मुहम्मद आदिलशहासाठी बांधलेल्या गोलघुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. त्याच्या सज्जात उभे राहून टाळी वाजवली, तर ती एकदा नव्हे, अनेकदा परत येते. प्रत्येक खेपेस थोडी क्षीण होऊन येते. सहलीला गेलेल्या प्रत्येक मुलाने तेथे आपले नाव ओरडून पाहिलेले असते. प्रतिध्वनी म्हणजे काय, हे ह्याहून चांगले कोणतेच पुस्तक शिकवू शकत नाही. मूळ ध्वनी, ठरावीक विलंब, आणि प्रत्येक फेरीला घटत जाणारा जोर, ह्या तीनच गोष्टींचा तो खेळ आहे. ह्या तीन गोष्टी ज्याला हाताशी आणता येतील त्याला घुमट बांधण्याची गरज नाही. तो घुमट पेटीतही मावेल.

असा घुमट पेटीत बसवण्याची हौस नवी नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लांब पल्ल्याच्या टेलिफोनवर आवाजाला होणारा विलंब अजमावण्यासाठी स्प्रिंगांचे एक साधन वापरीत असत. लॉरेन्स हॅमंड ह्याने तीच कल्पना आपल्या विद्युत ऑर्गनसाठी उचलली. तारेच्या वेटोळ्यातून कंप हळूहळू जातो, टोकाला आपटून परततो, आणि ऐकणाऱ्याला प्रार्थनामंदिरात बसल्याचा भास होतो. गिटारच्या जगात इलिनॉय राज्यातील रे बट्स ह्या वाद्यविक्रेत्याने १९५२ च्या सुमारास अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतच ध्वनिफितीचे एक फिरते वेटोळे बसवले. सूर फितीवर उमटे आणि क्षणभराने पुढच्या शीर्षाखाली येऊन पुन्हा ऐकू येई. ह्या यंत्राचे नाव ‘एकोसॉनिक’. त्याची निर्मिती शंभराच्याही आत राहिली. परंतु चेट अ‍ॅटकिन्स आणि एल्विस प्रेस्लीचा साथीदार स्कॉटी मूर ह्यांच्या हाती ते गेल्यामुळे त्याचा आवाज जगभर पोहोचला. पुढे १९६३ मध्ये फेंडर कंपनीने ‘व्हायब्रोव्हर्ब’ ह्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच स्प्रिंगांचा घुमारा बसवला. आणि १९७५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने आपल्या ‘जॅझ कोरस’मध्ये अर्धवाहकांच्या साहाय्याने विलंब साधला. ह्या अखेरच्या युक्तीला ‘बादल्यांची रांग’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. आग विझवताना माणसे ओळीने उभी राहून पाण्याची बादली एका हातातून दुसऱ्या हातात देतात, तसा विद्युतभार एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात सरकत जातो आणि रांगेच्या टोकाला उशिरा पोहोचतो.

वाद्यात भर घालून त्याचा आवाज आपल्या गळ्याला आणि कानाला जुळवून घेणे, हे आपल्याकडेही परके नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, तेव्हा एका सुरातून अनेक स्वरांचे मोहोळ उठते. मिरजेच्या तंतुवाद्यकारांचे निम्मे कसब त्या घोडीच्या घासणीत असते. युरोपातून आलेल्या पायपेटीची हातपेटी झाली ती भारतीय कारागिरांच्या हातून. आणि खुद्द बंगळूरचे उदाहरण द्यावयाचे तर जी. राज नारायण ह्या बासरीवादक अभियंत्याचे देता येईल. त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी तयार केली आणि पुढे इलेक्ट्रॉनिक तंबोराही घडवला. आज मैफलीच्या खोलीत वा रियाझाच्या कोपऱ्यात जो लहानसा यांत्रिक तंबोरा गुणगुणताना दिसतो, त्याची वाट ह्या शहरातून आलेली आहे. विमानांचा कारखाना १९४० मध्ये, टेलिफोनचा १९४८ मध्ये आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये ज्या शहरात सुरू झाला, तेथे सोल्डरचा वास अनेक घरांच्या ओळखीचा असावा, ह्यात नवल नाही.

आता पेटी उघडण्यापूर्वी तिच्यातील सुराचा प्रवास समजून घ्यावयास हवा. शेतीची उपमा येथे उपयोगी पडेल. गिटारच्या तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत अल्पसा विद्युतदाब उत्पन्न होतो. तो बहुधा व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. हा झाला झरा. पेटीतील पहिला टप्पा, म्हणजे प्रीअ‍ॅम्प, त्या झऱ्याचे पाणी उचलून पाटात सोडतो. पुढे जाड-बारीक आवाजाचे नॉब आणि आवाज लहानमोठा करणारा व्हॉल्यूमचा नॉब, ही पाटावरील दारे होत. शेवटचा टप्पा पॉवर अ‍ॅम्पचा. तो पाण्याला एवढा जोर देतो की स्पीकरचा जाड कागदी शंकू मागेपुढे हलू लागतो. ह्या सर्वांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर आणि त्यासोबतचे मोठे कपॅसिटर हे पेटीच्या एका कोपऱ्यात असतात.

स्वस्त पेटी आणि महागडी पेटी ह्यांत हा मार्ग फारसा निराळा नसतो. स्वस्त पेटीत काटकसर असते. लाकडाऐवजी भुश्याची फळी असते, स्पीकर हलका असतो, आणि परिणाम घडवणारे विभाग गाळलेले असतात. परंतु पाट तोच असल्यामुळे त्यावर नवे बारे काढता येते. बारे कोठे काढावे, एवढाच प्रश्न उरतो. आणि साऱ्या कामाचे यशापयश ह्या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

घालावयाचे परिणाम मुख्यतः तीन. पहिला आवाज खरखरीत करणारा. सुराच्या लहरी उंच वाढू लागल्या की त्यांचे माथे कापून टाकावयाचे, एवढेच त्याचे काम. परस्परांच्या उलट जोडलेले दोन सिलिकॉन डायोड हे काम करतात. दाब सुमारे ०.६ व्होल्टच्या वर जाऊ लागताच ते वाहू लागतात आणि लहरीचा माथा सपाट होतो. माथा कापला गेला की मूळ सुरात नसलेले वरचे स्वरांश उत्पन्न होतात. जवारीने तंबोऱ्यात हेच घडते, फरक मार्गाचा आहे. दुसरा परिणाम कंपाचा, ज्याला ट्रेमोलो म्हणतात. ह्यात स्वराची उंची बदलत नाही. आवाज सेकंदाला चार-सहा वेळा लहानमोठा होत राहतो, जणू कोणी व्हॉल्यूमचा नॉब हलक्या हाताने हेलकावीत आहे. तिसरा परिणाम प्रतिध्वनीचा, आणि कोरड्या खोलीवर तोच खरा उतारा.

प्रतिध्वनीसाठी लहान पेटीत स्प्रिंग बसवणे इष्ट नव्हे. स्पीकर अगदी शेजारी असल्यामुळे त्याच्या धक्क्यांनी स्प्रिंगा हलतात आणि ट्रान्सफॉर्मरची गुणगुण त्यांच्या टोकांच्या वेढ्यांत शिरते. फितीचे वेटोळे तर आज कालबाह्यच झाले आहे. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजी ह्या कंपनीची पीटी २३९९ नावाची सोळा पायांची चिप मात्र ह्या कामी नामी आहे. ती मुळात घरगुती गायनाच्या, म्हणजे कराओकेच्या, यंत्रांसाठी निघाली आणि पुढे जगभरच्या हौशी कारागिरांची आवडती झाली. तिची किंमतही किरकोळ असते. ती आवाजाच्या लहरीचे अतिवेगाने तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याची नोंद शून्य वा एक अशा खुणेने आपल्या स्मृतीत करते. स्मृतीत अशा सुमारे ४४ हजार खुणा मावतात. स्मृती भरत भरत टोकाला गेली की सर्वांत जुनी खूण बाहेर पडते. ह्या खुणांवरून लहर पुन्हा जोडली जाते आणि विलंबाने ऐकू येते.

विलंब किती असावा, हे चिपच्या सहाव्या पायाला जोडलेल्या रेझिस्टरवर ठरते. रेझिस्टर लहान ठेवला तर चिपचे घड्याळ भराभर चालते, विलंब सुमारे ३० मिलिसेकंदांवर येतो आणि आवाज स्वच्छ राहतो. रेझिस्टर वाढवला तर घड्याळ मंदावते आणि विलंब ३४० मिलिसेकंदांच्या आसपास जातो; म्हणजे जणू अठ्ठावन्न मीटरांवरच्या भिंतीवरून आवाज परतला. परंतु स्मृती तेवढीच असल्यामुळे लांब विलंबात तुकडे विरळ पडतात आणि आवाजात खसखस येते. थोड्या कापडात मोठा अंगरखा शिवू गेले तर विण ताणली जाणारच. म्हणून जाणता कारागीर लांब विलंबाचा मोह आवरतो आणि चिपच्या बाहेर पडणाऱ्या आवाजातील वरचा कर्कश भाग एका कपॅसिटरने गाळून टाकतो. गोलघुमटातील प्रतिध्वनीही मूळ आवाजाहून मऊच असतो. त्यामुळे कानाला हे गाळणे खटकत नाही.

प्रतिध्वनी एकदाच यावयाचा की अनेकदा, हेही हाती आहे. उशिराने आलेल्या आवाजाचा थोडा अंश पुन्हा चिपच्या मुखाशी नेऊन सोडला की तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परततो. परत नेलेला अंश दर फेरीला कमी होत गेला पाहिजे. तो पुरता परत नेला तर आवाज विझत नाही, उलट चढत जातो आणि पेटी किंचाळू लागते. एकाच विलंबाऐवजी निरनिराळ्या लहान विलंबांचे आवाज एकत्र केले, तर स्वतंत्र प्रतिध्वनी ऐकू न येता दिवाणखान्यासारखा सलग घुमारा मिळतो. बाजारात ‘रिव्हर्ब ब्रिक’ म्हणून जी लहानशी डबी मिळते, तिच्या एका प्रसिद्ध प्रकारात ह्याच तीन चिपा एकत्र बसवलेल्या असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे बारे पाटावर कोठे काढावे? उत्तर घुमटाखाली उभ्या असलेल्या गायकाकडूनच मिळते. त्याचा गळा बसलेला असेल तर बसलेला आवाज घुमटात घुमतो. घुमट गळ्याच्या नंतर येतो. तो गळ्याच्या आधी येऊ शकत नाही. गिटारच्या आवाजाचा गळा म्हणजे प्रीअ‍ॅम्प आणि त्याच्याआधीचा खरखर आणणारा विभाग. म्हणून खरखर झऱ्यापाशी, गिटारचा जॅक जेथे आत येतो तेथे, घालावी. आणि प्रतिध्वनी प्रीअ‍ॅम्प व पॉवर अ‍ॅम्प ह्यांच्या मध्ये घालावा. आधी गळा, मग घुमट. हा क्रम उलटला तर मूळ सूर आणि त्याचे जुने प्रतिध्वनी एकाच वेळी डायोडांच्या कात्रीत सापडतात, एकमेकांत गुरफटतात, आणि बाहेर नुसता गलबला पडतो.

बाजारात प्रतिध्वनीचे तयार पेडल मिळतात, मग पेटी उघडण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न येथे निघेल. प्रश्न रास्त आहे. आवाज स्वच्छ ठेवून वाजवणाऱ्याला पेडल पुरे. ते उद्या दुसऱ्या पेटीलाही लावता येते. परंतु स्वस्त पेटीला बहुधा पुढच्या बाजूस एकच जॅक असतो. पेटीतीलच खरखर वापरावयाची असेल तर जॅकपूर्वी जोडलेले पेडल गळ्याआधीचा घुमट ठरते. ही अडचण आत शिरूनच सुटते. ज्याच्यापाशी पेडल आधीपासून आहे त्याने प्रीअ‍ॅम्पनंतर पाट तोडून एक जाणारा आणि एक येणारा असे दोन जॅक पेटीच्या पाठीवर काढले, तरी अर्धे अधिक काम साधते.

योग्य जागा शोधण्यास व्हॉल्यूमचा नॉब ही चांगली खूण आहे. बऱ्याच लहान पेट्यांत सूर प्रीअ‍ॅम्पमधून निघून ह्या नॉबच्या वरच्या पायाशी येतो, मधल्या पायातून पुढे जातो, आणि तिसरा पाय अर्थला असतो. नवी जोडणी वरच्या पायाच्या अलीकडे बसवणे श्रेयस्कर. कारण चिप स्वतःची थोडी खसखस निर्माण करतेच. ती नॉबच्या आधी मिसळली तर आवाज कमी करताना सुराबरोबर खसखसही कमी होते. नॉबनंतर मिसळली तर रात्री हळू वाजवताना सूर दबतो आणि खसखस तशीच राहते.

जोडणी करताना मूळ सूर चिपमधून नेऊ नये. तो आपल्या सरळ वाटेने जावा. त्याचा एक फाटा चिपकडे न्यावा, आणि उशिराने आलेला आवाज पुढे एका लहान ऑप-अ‍ॅम्पच्या टप्प्यावर मूळ सुरात येऊन मिळावा. ह्यात दोन लाभ आहेत. मूळ सुराची स्वच्छता टिकते. आणि फाट्यावर एक स्विच ठेवला की परिणाम हवा तेव्हा चालू, नको तेव्हा बंद करता येतो. फाट्यावर मात्र पाण्याचा जोर कमी केलाच पाहिजे. प्रीअ‍ॅम्पला बहुधा अधिक-उणे १५ व्होल्टच्या आसपास पुरवठा असतो आणि त्याच्या लहरी दहा व्होल्टांपर्यंत उसळू शकतात. चिप तर केवळ पाच व्होल्टांवर चालते. दोन रेझिस्टरांच्या साहाय्याने दाब दहाव्या हिश्श्यावर आणला नाही, तर प्रतिध्वनी फाटका येतो आणि कारागीर चिपला दोष देत बसतो.

चिपला लागणारे पाच व्होल्ट पेटीतील पुरवठ्यातूनच ७८०५ ह्या नियंत्रकाने मिळतात. येथे थोडे गणित करावे. पंधरा व्होल्टांतून पाच काढले तर दहा उरतात. चिप सुमारे ३० मिलिअ‍ॅम्पियर घेते. म्हणजे नियंत्रकात ०.३ वॅट उष्णता होते. एवढी ऊब तो सहज सोसतो. अर्थच्या तारा मात्र वाटेल तेथे जोडू नयेत. त्या दोन ठिकाणी जुळून त्यांचे कडे तयार झाले की त्यात घरातील विजेची गुणगुण घुमू लागते. सर्व अर्थ एकाच बिंदूशी आणावेत, चिपचा तुकडा गिटारच्या जॅकपासून दूर बसवावा, आणि सुराची तार आवरण असलेली वापरावी. हे सारे प्रथम पेटीबाहेर, पत्र्याच्या डबीत, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर जुळवून पाहावे. तेथे दोन दिवस नीट चालले तरच आत न्यावे.

कोणत्या जागी हात लावू नये, हे मात्र हातात पेचकस घेण्यापूर्वीच मनाशी पक्के केले पाहिजे. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची असते. काही नव्या पेट्यांत जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग पुरवठा असतो. त्यातील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यानंतरही काही वेळ टिकू शकतात. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर तीनशे-चारशे व्होल्ट ही नित्याची गोष्ट. नवशिक्याने तो उघडूच नये. साध्या पेटीतही वायर भिंतीतून पूर्ण काढावी, थोडा वेळ थांबावे, कपॅसिटरवरील दाब मल्टिमीटरने मोजावा, आणि तो नाहीसा झाल्यावरच आत हात घालावा. पुरवठ्याच्या उच्चदाबाच्या भागाला कधीही स्पर्श करू नये. गुणगुण थांबावी म्हणून तीन पायांच्या पिनेतील अर्थचा पाय तोडण्याचा एक घातक उपाय काही जण सांगतात. गिटारच्या तारा पेटीच्या अर्थशी जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटे त्या तारांवर असतात. आत काही बिघडून धातूच्या सांगाड्यावर वीज आली, तर तोडलेल्या पायाऐवजी तिला जमिनीकडे जाण्याचा मार्ग त्या माणसाच्या देहातूनच सापडतो. गुणगुण सोसावी, पण हा उपाय करू नये. ज्याला ह्या गोष्टींची खात्री नाही त्याने जोडणी स्वतः तयार करावी आणि ती बसवण्याचे काम जाणत्या दुरुस्तीकाराकडे द्यावे. त्यात कमीपणा नाही. पेटी हमीच्या मुदतीत असेल तर उघडताच ती हमी बहुधा संपते, हेही ध्यानात ठेवावे.

ह्या कामाच्या मर्यादाही आहेत. प्रतिध्वनीने लहान स्पीकर मोठा होत नाही. खर्जाचे जे स्वर तो देऊ शकत नव्हता ते तो आताही देणार नाही. ज्या पेटीत मुळातच गुणगुण आहे, तिची गुणगुणही आता घुमून येईल. म्हणून आधी तो दोष काढावा. शिवाय घुमारा हा चुका झाकणारा मित्र आहे. भजनी मंडळांच्या आणि ऑर्केस्ट्रांच्या ध्वनिवर्धकांवर ‘इको’चे बटण इतके फिरवलेले असते की गाण्यातील शब्द समजेनासे होतात, हा अनुभव महाराष्ट्रातील गावोगावच्या मंडपांत येतोच. रियाझाच्या वेळी बटण बंद ठेवावे आणि वाजवण्याच्या वेळी थोडेच उघडावे, हे धोरण चांगले.

लागणारे सुटे भाग मिळवण्यास बंगळूरकराला दूर जावे लागत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाजवळची दुकाने, तसा येथे शहराच्या जुन्या भागातील एस. पी. रोड, म्हणजे सदर पत्रप्पा रोड. दाटीवाटीच्या ह्या बाजारात चिपा, रेझिस्टर, जॅक, जुने ट्रान्सफॉर्मर असे सर्व काही मिळते; आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, कोणता भाग कशाला चालेल हे तोंडी सांगणारी माणसेही भेटतात. दिवसभर संगणकाच्या पडद्यावर अदृश्य यंत्रांशी व्यवहार करणाऱ्या बेळ्ळंदूरच्या तरुणाला हाताने धरता येणारा, डोळ्यांनी दिसणारा आणि कानाने पारखता येणारा असा एक पाट येथे सापडतो.

दहा-पंधरा वॅटच्या पेटीसाठी इतके श्रम का करावेत, ह्याचे एक उत्तर बेळ्ळंदूरचे तळेच देते. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे ह्या तळ्यात उतरत राहिले. साबणांच्या अंशांमुळे त्यावर फेसाचे डोंगर उठले. २०१५ मध्ये तो फेस पेटला, आणि २०१८ मध्ये काठच्या आगीने पुन्हा धूर उठवला. वापरून फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कोठेतरी साचते, हा धडा ह्या काठावरच्या माणसाला निराळा शिकवावा लागत नाही. कंटाळून टाकलेली पेटीही अशीच कोठेतरी जाते. तिच्यातील तांबे, शिसे आणि प्लास्टिक कोणाच्या तरी अंगणात जळते. ती उघडून, समजून घेऊन, तिच्यात किरकोळ किमतीची एक चिप बसवल्याने ती आणखी काही वर्षे संगीताच्या कामी येत असेल, तर त्या श्रमांचे मोल झाले असे म्हणावयास हरकत नाही.

स्क्रू आवळून झाकण बसवले, की पहिला सूर नेहमीप्रमाणे छेडावा. तो निघतो, दहा फुटांच्या खोलीत विरतो, आणि विरता विरता पुन्हा येतो, थोडा मऊ होऊन. आणि पुन्हा येतो, आणखी मऊ होऊन. वाजवणाऱ्याची बोटे पुढच्या सुरासाठी आपोआप थांबतात. इतके दिवस त्यांना जे थांबणे साधत नव्हते, ते त्या परत येणाऱ्या सुराने शिकवलेले असते. मात्र घड्याळाकडेही लक्ष असावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्रीचा धरला आहे आणि वस्तीच्या भागात त्या वेळी आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दहा वाजले की स्पीकर बंद करून हेडफोन लावावा. जोडणी योग्य जागी झालेली असेल, तर घुमट त्यातही ऐकू येतो. आणि पलीकडच्या सदनिकेत निजलेल्या मुलाला त्याची चाहूलही लागत नाही.